गुरुवारचे बोलावणे

मी आरसा बोलतो आहे. घरातल्या भिंतीवरचा नव्हे, घराबाहेरचा.

भिंतीवरच्या आरशासमोर माणूस स्वतःला पाहायला उभा राहतो. माझे काम त्याच्या उलट आहे. खिडकीच्या चौकटीला बाहेरून, एका लोखंडी दांडीवर मला तिरपे बसवले आहे. आत खुर्चीत बसलेल्या माणसाला मान न वळवता उतारावरून कोण चढून येते आहे ते माझ्यात दिसते. बर्गन शहराच्या सांडविकेन भागात एकेकाळी बहुतेक खिडक्यांना माझे भाऊबंद होते. लोक आम्हांला चहाडखोर म्हणत आले. मी कुणाची चहाडी केलेली नाही. जो येतो त्याला दाखवतो. कुणी येत नाही तेव्हा रिकामी गल्ली दाखवतो. उतारवयात हे दुसरेच काम मला फार पडले.

माझी काच कुठे ओतली गेली ते मला आठवत नाही. जन्म कुणालाच आठवत नाही. आठवते ती ही दांडी बसवली तो दिवस. ओलीने नावाच्या बाईने मला विकत आणले होते. तिचा नवरा जहाजांना खाडीतून वाट दाखवण्याचे काम करी आणि आठवड्यातले बरेच दिवस पाण्यावर असे. लोहार खिळे ठोकत असताना ती आत खुर्चीत बसून म्हणत होती, “आणखी जरा डावीकडे. मला दारं बघायची नाहीत, माणसं बघायची आहेत.”

पुढे तिने आपल्या सुनेला माझ्यासमोर बसवून जे सांगितले, तोच माझा धर्म झाला. “सूनबाई, पाहुण्यानं दार वाजवावं आणि आत कॉफी उकळलेली असावी. दारात ताटकळत ठेवणं म्हणजे तू नको होतास असं तोंडावर सांगणं. आरसा त्यासाठी आहे. शेजारणीच्या स्कर्टला किती ठिगळं आहेत ते मोजायला नाही.”

या सुनेचे नाव डागनी. माझी ही कथा तिची आहे.

डागनीचा नवरा लाउरित्स किनाऱ्यावरच्या टपालबोटीवर होता. माणूस उंच, थट्टेखोर, आणि चालीने अतिशय सावकाश. आरशाचा एक नियम आहे, तो या घरात फक्त त्याला ठाऊक होता. आरशातून तुम्ही ज्याला पाहता, त्यालाही त्याच आरशातून तुम्ही दिसता. देवाने प्रकाशाला एकेरी वाट दिलेली नाही. आत बसणाऱ्या सगळ्या बायकांना वाटे की आपण लपून पाहतो. लाउरित्स मात्र गल्लीच्या वळणावर आला की थांबे, टोपी उचले आणि माझ्याकडे पाहून वाकडे तोंड करी. खुर्चीतली डागनी हसे, आणि ते हसू त्याला खालून दिसे.

“पुन्हा कॉफी उतू गेली?” दारातच तो विचारी.

“तुला बघितलं की जातेच.”

“म्हणजे अजून देखणा आहे म्हणायचा मी.”

“देखणा कसला! दिसतोस तेव्हा भांडं ठेवते, आणि तू चढून येईपर्यंत त्याचा कोळसा होतो.”

त्यांना मूल झाले नाही. याविषयी डागनी कधी कुणाशी बोलली नाही. जेवणाआधी ती मान खाली घालून आभार मानी. मान इतरांपेक्षा थोडी अधिक वेळ खाली राही, एवढेच.

गल्लीच्या त्याच वळणावर, आमच्याच ओळीत दोन घरे खाली, हेर्दिस राहत असे. मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यात तिने हात झिजवले होते. नवरा लवकर गेला होता. आवाज मोठा, मन सरळ. ती आणि डागनी प्रार्थनागृहातल्या शिवणकामाच्या मंडळात दर गुरुवारी एकत्र बसत. मंडळातल्या बायका एकेक करून गेल्या, प्रार्थनागृहाला कुलूप लागले. पण या दोघींनी गुरुवार सोडला नाही. एका गुरुवारी डागनीने बोलवायचे, पुढच्या गुरुवारी हेर्दिसने. वॅफल, तपकिरी गोड चीज आणि कॉफी. त्याहून अधिक काही नाही, त्याहून कमीही नाही.

“डागनी, वेलदोडा घातलास की ओतलास?”

“तुझ्याकडे तो शोधावा लागतो, म्हणून सवय गेली असेल तुझी.”

“शोधून सापडला म्हणजे किंमत कळते.”

“खा आता मुकाट्यानं.”

आमच्याकडे एक रीत आहे. ज्याच्या घरी पाहुणचार घेतला, तो पुढे रस्त्यात, दुकानात, कुठेही भेटला की पहिले वाक्य बोलायचे, “गेल्या भेटीबद्दल आभार.” मग हवापाणी. दुसरी रीत त्याहून जुनी. न बोलावता कुणाच्या दारी जायचे नाही. शेजाऱ्याच्या एकांताला येथे देवघरासारखे मानतात. त्यात पाऊल टाकायचे ते बोलावल्यावर. दोन्ही रीती चांगल्या आहेत. चांगल्या रीतींनीही माणसांचे नुकसान होते, हे मला पुढे पाहावे लागले.

लाउरित्स शरद ऋतूत गेला. खाटेवर फार दिवस पडून राहिला नाही. मातीच्या दिवशी पाऊस होता. दफनानंतर लोक घरी आले आणि डागनीने कपाटातून ओलीनेचे निळ्या फुलांचे कप काढले. ते कप लग्नात निघाले होते, त्यानंतर आज. हेर्दिस त्या टेबलाशी बसली, तिने कॉफी घेतली, नंतर उभी राहून सगळे कप पुसून ठेवले. निघताना ती दारात, म्हणजे माझ्याखालीच, थांबली.

“जरा विश्रांती घे. मग बोलू.”

“हो. मग,” डागनी म्हणाली.

आणि तेथे ती चूक झाली.

लाउरित्स जाण्याआधीचा शेवटचा गुरुवार हेर्दिसच्या घरी झाला होता. तेव्हा हेर्दिसच्या हिशेबाने आता बोलावणे डागनीकडून यायचे. पण डागनीच्या हिशेबाने मातीच्या दिवशी तिच्या टेबलाशी, तिच्या सर्वांत चांगल्या कपांतून हेर्दिसने कॉफी घेतली होती. तेव्हा बोलावणे आता हेर्दिसकडून यायचे. दोघींचा हिशेब चोख होता. त्या चोखपणानेच घात केला.

पुढच्या गुरुवारी डागनी ठेवणीतला लोकरी सदरा घालून खुर्चीत बसली. माझ्यात हेर्दिसचे दार दिसत होते. दार उघडले नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारीही ती बसली. तिसऱ्या वेळी तिने नेहमीचाच सदरा घातला. “तिला नको असेल,” ती दिव्याला म्हणाली. “एकट्या बाईला बोलवायचं म्हणजे ओझंच.”

हेर्दिस स्वतः कितीतरी वर्षे एकटी होती, हे तिला आठवले नाही. दुःखात माणसाला आपलेच एकटेपण नवे वाटते.

हेर्दिसकडचे बोलणे मला उशिरा कळले. तिचा धाकटा भाऊ यर्ट बंदरावरून मासे घेऊन तिच्याकडे येई. एकदा ती दोघे चढावर दम घ्यायला माझ्याखाली थांबली.

“डागनी कशी आहे?” यर्टने विचारले.

“बरी असेल. दिवा लागतो रोज.”

“दिव्याला कोण विचारतंय? तू जात नाहीस का?”

“तिनं बोलावलं नाही.”

“मग तू बोलाव.”

“आधीचा गुरुवार माझ्याकडे झाला. आता मी पुन्हा बोलावलं तर तिला वाटेल, मी उपकार करते आहे. शोक चाललाय तिचा. तिला माणूस हवं झालं की ती बोलवील.”

“मग नुसतं जाऊन दार वाजव.”

“न बोलावता? मी काय कुणाची मांजर आहे?”

यर्टने माशांची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. “मांजर शहाणी असते,” तो म्हणाला. “तिला भूक लागली की ती दाराशी येऊन ओरडते.”

मी त्यांच्या डोक्यावर वीतभर अंतरावर होतो. डागनी माझ्यापलीकडे, बंद काचेआड होती. मला जीभ असती तर एका वाक्याचे काम होते. देवाने मला दाखवण्याचे काम दिले, सांगण्याचे दिले नाही. ज्यांना सांगण्याची शक्ती दिली, ती माणसे हवापाण्याविषयी बोलली.

कारण रस्त्यात त्या भेटत. पावसाच्या शहरात हवेविषयी बोलायला विषय कमी पडत नाही.

“आज जरा उघडलंय.”

“हो, पण टिकायचं नाही.”

सुरुवातीला “गेल्या भेटीबद्दल आभार” असे दोघी म्हणत. पुढे गेली भेट इतकी मागे पडली की ते वाक्य कुठल्या भेटीसाठी म्हणायचे, हा प्रश्न झाला. मग ते थांबले. हिवाळे जात राहिले.

याच काळात गल्लीत पायी हिंडणारे लोक वाढले. बंदराला घरांहून उंच जहाजे लागू लागली आणि त्यांतून उतरलेली माणसे शहर पाहायला निघत. आमची गल्ली अरुंद, दगडी, चढाची. पांढरी लाकडी घरे, दाराशी फुलांच्या कुंड्या. वाहन येत नाही, म्हणून सगळे चालत येत. जो येतो त्याला दाखवणे हे माझे काम. मी दाखवू लागलो.

पहिल्यांदा एवढे लोक एकदम चढून येताना पाहून डागनी उठली आणि तिने कॉफीचे भांडे विस्तवावर ठेवले. हे मी विसरू शकत नाही. कुणाला बोलावलेले नव्हते, कुणी ओळखीचे नव्हते. पण पावले दाराशी येऊन थांबली तर कॉफी तयार हवी, हे सासूचे शिकवणे हाताने आपणहून पाळले. पावले दाराशी आली. थांबलीही. कुंडीतल्या फुलांचे फोटो निघाले, दाराच्या रंगाचे निघाले. मग पावले वर गेली. डागनीने भांडे उतरवले आणि एकटीने एक कप प्यायला. उरलेली ओतून दिली.

पाहायला निघालेला माणूस किती थोडे पाहतो! एका गृहस्थाने माझ्यात डोकावून केस सारखे केले. त्याच्या डोळ्यांपासून हातभर अंतरावर एक म्हातारी बाई विणकाम मांडीवर ठेवून त्याच्याकडे पाहत होती. त्याने जरा तिरके पाहिले असते तर नजरानजर झाली असती. त्याने केस पाहिले.

लोकांना हिंडवून आणणाऱ्यांत तोरुन नावाची एक तरुणी होती. हातात हिरवी छत्री, चाल झपझप, बोलणे गोड. उन्हाळ्यात ती जवळजवळ रोज येई. एके दिवशी तिच्याबरोबर आमच्याच देशातले, डोंगरापलीकडचे लोक होते. म्हणून ती आमच्या भाषेत बोलली आणि तिचा शब्द न् शब्द खिडकीच्या फटीतून आत गेला.

“मंडळी, हा बघा चहाडखोर आरसा. पूर्वी याच्या मागे म्हाताऱ्या बसायच्या आणि अख्ख्या गल्लीवर पहारा ठेवायच्या. कोण कुणाकडे गेलं, कोण किती वाजता परतलं, सगळं इथे समजायचं!”

लोक हसले. एकीने विचारले, “आता कोण राहतं इथे?”

“आता? आता बहुतेक कुणी नसावं.”

डागनीच्या हातातल्या सुया थांबल्या. लोक वरच्या टेकाडाकडे, जिथून खाडीचे तोंड दिसते तिकडे निघून गेले.

“बहुतेक,” डागनी म्हणाली. मोरीत कप धुताना ती तोच शब्द पुन्हा म्हणाली. त्यानंतर लोकांचा घोळका दिसला की ती खुर्ची थोडी मागे सरकवी. आपण नाही असे ज्यांनी ठरवले, त्यांना आपण दिसणे तिला सभ्यपणाचे वाटत नव्हते.

मग एकदा एका धिप्पाड माणसाने फोटोत आड येतो म्हणून मला धरून बाजूला ढकलले. जुनी दांडी कुरकुरली आणि वाकली. फोटो काढून तो गेला. दुसऱ्याची वस्तू जागेवर ठेवावी, हे त्याला कुणी शिकवले नसावे.

डागनी खुर्चीत येऊन बसली तेव्हा माझ्यात उतार नव्हता. होती हेर्दिसच्या स्वयंपाकघराची खिडकी. या खुर्चीतून ती आजवर कधीही दिसली नव्हती. खिडकीत टेबल, टेबलाशी हेर्दिस. पाठ जरा वाकलेली, केस पूर्ण पांढरे. ती बटाटे सोलत होती.

डागनी उठली. खिडकी उघडून तिने हात बाहेर काढला. एका धक्क्याने मी पूर्वीसारखा झालो असतो. तिची बोटे माझ्या कडेला लागली आणि तशीच राहिली. मग तिने हात आत घेतला, खिडकी लावली आणि बसली.

तिकडे हेर्दिसने मान वर केली. आरशाचा नियम मी सांगितला आहे. हेर्दिसला माझ्यात एक खुर्ची दिसली, खुर्चीत डागनी दिसली. तिने चटकन मान खाली घातली आणि बटाटे सोलत राहिली. तिच्या खिडकीला पडदा होता. तो तिने ओढून घेतला नाही.

पुढच्या गुरुवारी, मंडळाच्या जुन्या वेळेला, डागनीने टेबल खिडकीशी ओढले. एक कप, एक बशी, दोन वॅफल. माझ्यात हेर्दिसचे टेबलही खिडकीशी आलेले होते. दोघींनी एकाच वेळी मान खाली घातली, आभार मानले, आणि कॉफी घेतली. एकमेकींकडे सरळ पाहिले नाही. पाहिले ते माझ्याकडे.

त्या दिवसापासून मी आरसा राहिलो नाही. त्या दोघींमधले टेबल झालो. कितीतरी गुरुवार असे गेले. रस्त्यात भेटल्या की पुन्हा हवापाणीच. “आज वारा आहे.” “हो, आहे खरा.” यर्ट एकदा हेर्दिसला माझ्याखाली म्हणाला, “अगं, आरशात बघून कॉफी पितेस, त्यापेक्षा वीस पावलं चाल की!” ती म्हणाली, “तुझ्या माशांवरचा बर्फ वितळतोय. चल.”

मला त्या गुरुवारांचा आनंद होता, हे मी नाकारत नाही. पण सावलीने पोट भरत नाही. दोघींना दुसरीचा आवाज हवा होता, आणि ते माझ्या हाती नव्हते.

आता तो गुरुवार.

वसंताचे दिवस होते. डागनीचा नियम असा की उजाडले की खिडकीतला दिवा विझवायचा; दिवसाउजेडी दिवा जाळणे ती पाप मानी. त्या दिवशी पाऊस होता; सकाळ उलटली तरी दिवा जळत होता. सकाळी आत काही पडल्याचा आवाज मी ऐकला होता. मग भांड्याचा खणखणाट. मग काही नाही. खुर्ची रिकामी. टेबलावर आदल्या रात्री मांडून ठेवलेला कप उपडाच.

गुरुवारची वेळ झाली. माझ्यात हेर्दिस येऊन बसली. तिने कॉफी ओतली, मान खाली घालायला गेली, आणि थांबली. तिने माझ्याकडे पाहिले. रिकामी खुर्ची पाहिली. दिवा पाहिला. तिच्या कपातली वाफ निघत होती ती निघायची थांबली, तरी ती तशीच बसून होती. तिच्या मनात काय चालले होते ते मला ठाऊक आहे. बोलावणे नव्हते.

मग ती उठली. मला वाटले, पडदा ओढते. ती खिडकीतून दिसेनाशी झाली.

त्याच वेळी तोरुन तिची माणसे घेऊन आमच्या दारासमोर उभी होती. छत्री माझ्याकडे रोखून तिने सुरुवात केली होती, “मंडळी, पूर्वी याच्या मागे...”

“पोरी, गप्प हो जरा!”

कमरेला एप्रन, पायांत घरातल्या चपला, आणि अंगावर पाऊस झेलत हेर्दिस चढून येत होती. घोळका आपोआप दुभंगला.

“आजी, काय झालं?” तोरुनने विचारले.

“पूर्वी पूर्वी काय लावलंयस? इथे माणूस राहतं. डागनी तिचं नाव. आज तिनं दिवा मालवला नाही.”

“मी रोज येते... मला कधी कुणी दिसलं नाही.”

“तू लोकांना आरसा दाखवतेस. आरशात बघतेस का?”

ती दाराशी आली. हात वर केला. आणि तो हात हवेत राहिला. आयुष्यभर जे केले नाही ते करताना हात जड होतो. चाळीसएक परकी माणसे पाहत होती; त्यांना वाटत होते, ती आवाज ऐकते आहे. मला माहीत होते, ती न बोलावता उभी होती.

तिने दार वाजवले. पुन्हा वाजवले. मग कडी दाबून आत गेली. दाराला दिवसा कुलूप नसेच. इतकी वर्षे नव्हते.

“डागनी! अगं, डागनी!”

स्वयंपाकघराच्या जमिनीवरून क्षीण आवाज आला. “हेर्दिस? थांब, कॉफी ठेवते.”

“पडून राहा! हलू नकोस. पाय बघू... देवा! कधी पडलीस?”

“दिवा मालवायला उठले होते. जळतोय का गं अजून?”

“जळू दे मेला. बरं झालं जळतोय ते.”

तोरुन दारात उभी राहून फोनवर माणसे बोलावत होती. मग डागनीचा आवाज आला.

“तू कशी आलीस? मी बोलावलं नव्हतं.”

“माहीत आहे. तू कधीच बोलावलं नाहीस.”

“मी कशी बोलावणार? आधीची कॉफी माझ्याकडेच झाली ना. लाउरित्सला पोचवून आलो तेव्हा. निळे कप काढले होते मी.”

“मातीची कॉफी कुणी मोजतं का, वेडे?” हेर्दिस म्हणाली.

“मी मोजली,” डागनी म्हणाली.

एवढ्यासाठी दोन म्हाताऱ्या बायकांचे इतके हिवाळे गेले होते. कुणाचा द्वेष नव्हता, भांडण नव्हते, अपमान नव्हता. एक कप एकीने मोजला, एकीने मोजला नाही. विचारायला वीस पावले होती.

गल्लीत गाडी येत नाही. डागनीला झोळीवर घालून खाली न्यावे लागले. पाहायला आलेली माणसे भिंतींना चिकटून उभी राहिली. एकाने टोपी काढली. एकाने फोटो काढायला हात उचलला, तेव्हा शेजारच्याने तो खाली दाबला. हेर्दिस झोळीला धरून चालत होती, पायांत त्याच घरातल्या चपला. वळणावर डागनीने मान वळवून मागे, माझ्याकडे पाहिले. त्यानंतर ती माझ्यात आली नाही.

कमरेचे हाड मोडले होते. नंतर छातीत पाणी झाले. हेर्दिस इस्पितळात गुरुवारी जात नसे. रोज जाई. यर्टने तिला माझ्याखाली विचारले, “काय बोलता गं दोघी इतकं?”

“भांडतो. तिथली कॉफी वाईट आहे.”

“मग घरून ने.”

“नेते ना. तिथे बरं आहे, यर्ट. तिथे घर कुणाचंच नाही.”

पाने पूर्ण फुटण्याआधी डागनी गेली. लाउरित्सजवळच तिला ठेवले. तिचा एक लांबचा पुतण्या राजधानीहून आला होता; त्याच्या परवानगीने मातीची कॉफी डागनीच्या घरीच झाली. माणसे थोडी होती. तोरुनही होती, छत्रीशिवाय. हेर्दिसने ओलीनेचे निळे कप काढले, वॅफल भाजली. यर्टने एक घास घेतला आणि म्हणाला, “वेलदोडा फार झालाय.”

“तिला असाच आवडायचा,” हेर्दिस म्हणाली. मग सगळ्यांचे कप भरून तिने हात पुसले. “ही कॉफी माझ्याकडची आहे. आणि ही मोजायची.”

“कुणी मोजायची?” यर्टने विचारले.

“तिनं. आता बोलावणं तिच्याकडून. आलं की मी जाईन.”

पाहुण्यांना ते नीट कळले नसावे. त्यांनी माना खाली घातल्या.

आता माझी स्थिती. पुतण्याने घर दोन-दोन दिवसांसाठी हिंडणाऱ्या लोकांना द्यायला काढले आहे. दाराला आकड्यांचे कुलूप बसले आहे. आकडे दाबले की उघडते, म्हणून ते दार आता कुणी वाजवत नाही. येणारे ओले कोट टांगतात, सकाळी निघून जातात. खुर्चीत क्वचित कुणी बसते. बसलेच तर हातातल्या फोनकडे पाहते. तोरुन अजून माणसे घेऊन येते. माझ्यासमोर आल्यावर ती “पूर्वी” म्हणत नाही. “इथे डागनी राहत होती,” एवढे म्हणते आणि थोडा वेळ गप्प उभी राहते. लोकांना ते अवघड जाते. ते पुढच्या घराकडे पाहू लागतात.

माझी वाकडी दांडी कुणी सरळ केली नाही. काचेच्या कडेने काळे डाग चढत आहेत. एखाद्या हिवाळ्यात खिळे सुटतील आणि मी दगडांवर पडेन. त्याचे मला भय नाही. तोवर माझ्यात एकच खिडकी आहे. गुरुवारी हेर्दिस तेथे बसते, मान खाली घालते, आणि माझ्यातल्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत कॉफी पिते. यर्टचे गुडघे गेले; त्याच्याने चढ चढवत नाही.

तुम्ही पायी हिंडायला निघता, हे चांगले आहे. पायी चालणाऱ्याला दार हाताच्या अंतरावर असते. रंग पाहा, फुले पाहा, खाडी पाहा. देवाने ती पाहण्यासाठीच केली आहेत. पण माणूसही त्यानेच केले आहे, आणि ते बहुधा पडद्याआड, खुर्ची मागे सरकवून बसलेले असते. माझ्यात डोकावाल तेव्हा केस सारखे करून झाल्यावर जरा तिरके पाहा.

हेर्दिसच्या खिडकीतला दिवा उजाडता विझतो. तो विझला की त्या दिवसापुरते माझे काम झाले. ज्या दिवशी तो विझणार नाही, त्या दिवशी मी तो तसाच दाखवीत राहीन. मला हात नाहीत. तुम्हांला आहेत.